टाळेबंदीत वसतिगृह सुटले आणि त्याबरोबर झोप, जेवण, चालणेही सुटले

माळरान (धागा सुरू करणारी)

मार्च २०२० मध्ये मी पुण्यात एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात होते. ९ मार्चला राज्यातले पहिले रुग्ण पुण्यातच सापडले आणि पुढच्या दहा-बारा दिवसांत आमचे वसतिगृह रिकामे झाले. सुट्टी फार तर पंधरा दिवसांची असेल या समजुतीने मी दोन ड्रेस, एक वही आणि चार्जर एवढेच घेऊन अंबाजोगाईजवळच्या आमच्या गावी आले. खोलीतले बाकीचे सामान मी दिवाळीनंतर जाऊन आणले, तेव्हा खिडकीत ठेवलेल्या डब्यातले शेंगदाणे काळे पडलेले होते.

त्या सात-आठ महिन्यांत माझ्या अंगवळणी पडलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट मोडली. मे महिना संपेपर्यंत मी पहाटे तीन-चारला झोपू लागले होते आणि अकराच्या पुढे उठत होते. सकाळचे खाणे बंद झाले, दुपारचे जेवण तीनला होऊ लागले आणि रात्री बाराच्या सुमारास पुन्हा भूक लागू लागली. आई पाचला उठून कामाला लागलेली असे. वडील मला काही बोलत नसत, परंतु मी उठून बाहेर आले की ते उठून गोठ्याकडे जात, आणि ते मला बोलण्याहून अधिक लागे. घरच्यांना तो आळस दिसत होता आणि खरे सांगायचे तर मलाही तो आळसच वाटत होता.

आता मी एका महाविद्यालयात शिकवते आणि त्या काळाकडे पुन्हा पाहताना मला वेगळेच काही दिसते. वसतिगृहात असताना मी साडेसहाला उठत होते, कारण सातनंतर न्हाणीघरासमोर रांग लागत असे. दिवसाकाठी पाच-सहा किलोमीटर चालत होते, कारण विभाग दूर होता आणि बसचे पैसे वाचवायचे होते. वेळेवर जेवत होते, कारण रात्री नऊला मेस बंद होई आणि शेजारच्या खोलीतली मैत्रीण दारावर थाप मारून हाक देई. यांतली एकही सवय मी ठरवून लावून घेतलेली नव्हती. ती जागेची, रस्त्याची आणि सोबतीची होती, आणि ती जागा बंद झाल्यावर माझ्याकडे काहीच उरले नाही. हे मला त्या वेळी कळले असते, तर निदान अपराधीपणाचे ओझे तरी डोक्यावर राहिले नसते.

त्यात परीक्षेचे होते. २९ एप्रिलला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक सूचना आल्या, पुढे राज्य सरकारने अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेण्याची भूमिका घेतली, ६ जुलैला आयोगाने सप्टेंबरअखेर परीक्षा घ्याव्यातच असे सांगितले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २८ ऑगस्टला निकाल आला की परीक्षेविना अंतिम वर्षाची पदवी देता येणार नाही. आम्ही प्रत्यक्ष परीक्षा दिली ती ऑक्टोबरमध्ये, मोबाइलवर, बहुपर्यायी प्रश्नांची. अभ्यास जड नव्हता. जड होते ते पाच महिने रोज सकाळी उठून ‘परीक्षा आहे की नाही’ हे बातम्यांत शोधणे.

त्या काळात जे विद्यापीठात शिकत होते, त्यांनी आपल्या सवयींचे काय झाले ते कृपया सविस्तर लिहावे. काय मोडले याबरोबर काय टिकले आणि ते कशामुळे टिकले, हेही मला जाणून घ्यायचे आहे.

किनारा

माझा अनुभव तुमच्या अनुभवाच्या काहीसा उलट आहे, म्हणून लिहितो. माझे घर श्रीवर्धन तालुक्यात आहे आणि मी त्या वर्षी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. एप्रिल-मेमध्ये माझेही रात्रीचे जागरण चालूच होते. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ दिवेआगरच्या आसपास किनाऱ्यावर आले आणि आमच्या वाडीतली सुपारीची बहुतेक झाडे एका दुपारी आडवी झाली. घरावरचे पत्रे गेले. वीज गेली ती कित्येक आठवडे आली नाही.

वीज नाही म्हणजे मोबाइल नाही, आणि मोबाइल नाही म्हणजे अंधार पडल्यावर करण्यासारखे काही नाही. आठ-साडेआठला सारे घर झोपत असे. पहाटे पाचला आपोआप जाग येई आणि दिवसभर झाडे तोडून बाजूला करणे, कौले आणि पत्रे उचलणे हेच काम असे. शरीराने पाहिले तर माझी झोप, भूक आणि हालचाल या तिन्ही गोष्टी त्या महिन्यात जितक्या सुरळीत होत्या, तितक्या त्याआधी वा त्यानंतर कधीच नव्हत्या. परंतु मनाचे म्हणाल, तर सुपारीची नवी झाडे धरायला पाच-सात वर्षे लागतात, तोवर घर कसे चालायचे आणि माझे शिक्षण कोणी पुढे न्यायचे, याच हिशेबात मी असे. गाढ झोपणारा माणूस निश्चिंत असतो असे जे समजले जाते, ते मला तेव्हापासून पटत नाही.

रेंज मिळाली की स्वाध्याय पाठवायला आम्ही तिघे-चौघे टेकडीवर जात होतो. आता वाटते की दिवसातला तेवढाच तास आम्ही एकमेकांशी धड बोलत होतो.

दुसरा_जिना

ताई, तुमच्या लेखातले ‘जागा बंद झाली’ हे वाक्य मी दोनदा वाचले. माझी जागा बंद झाली नाही, ती भरून गेली. आम्ही लालबागच्या एका चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे राहतो. टाळेबंदीपूर्वी दिवसा त्या खोलीत फक्त आजी असे. वडील कामावर, आई एका कार्यालयात स्वयंपाकाला, भाऊ शाळेत आणि मी महाविद्यालयात, नंतर वाचनालयात. २५ मार्चपासून पाचही जण चोवीस तास त्या खोलीत होतो.

झोपेची वेळ माझ्या हातात नव्हती, कारण सगळे झोपल्याशिवाय अंथरूण टाकायला जागा होत नसे. अभ्यास रात्री अकरानंतर, दिवा आजीच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून मोबाइलच्या उजेडात होई. चालायचे तर मजल्यावरच्या सामाईक गॅलरीत, आणि मजल्यावर एक रुग्ण सापडल्यावर तेही गेले. सामाईक शौचालयाची इतकी भीती बसली की मी दुपारनंतर पाणी पिणेच कमी केले. पुढे मूत्रमार्गाचा त्रास झाला आणि त्यासाठी डॉक्टरकडे जायचीही भीती वाटली.

आणखी एक गोष्ट जी बातम्यांत फारशी आली नाही. लग्नाला पन्नासच माणसे चालतील असा नियम झाल्यावर आमच्या वर्गातल्या अनेक मुलींच्या घरी ‘आता कमी खर्चात उरकून घेऊ’ अशी बोलणी सुरू झाली. माझ्याही घरी झाली. तिसऱ्या वर्षाच्या ऑनलाइन तासाला बसलेली असताना मागे पाहुणे माझ्या शिक्षणाविषयी विचारत आहेत, आणि मी कॅमेरा बंद करून प्राध्यापकांचे बोलणे ऐकण्याचा प्रयत्न करते आहे, असे दोनदा झाले. त्या दिवसांत माझे केस मूठ-मूठ गळत होते. माझे लग्न तेव्हा झाले नाही, कारण आजीने ठाम नकार दिला.

निवृत्त_प्राध्यापक

सर्वांचे अनुभव मनःपूर्वक वाचले. मी त्या वर्षी सेवेत होतो आणि ऑनलाइन तास घेत होतो. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे आणि ते स्पष्टपणे मांडतो.

धागाकर्तीने म्हटल्याप्रमाणे सवयी जर जागेच्या आणि वेळेच्या असतील, तर जागा बंद झाल्यावर निदान वेळ तरी घट्ट धरून ठेवणे हे शिक्षणसंस्थांचे कर्तव्य होते. अनेक ठिकाणी तास ध्वनिमुद्रित करून पाठवले गेले आणि ‘सवडीने ऐका’ असे सांगितले गेले. सवडीने ऐका असे सांगितलेली गोष्ट विसाव्या वर्षी कोणीही रात्री दोनला ऐकणार. मी माझा सकाळी साडेसातचा तास साडेसातलाच ठेवला, हजेरी घेतली आणि हजेरीला अंतर्गत मूल्यमापनात गुण ठेवले. त्यामुळे काही मुलांना सकाळी उठावे लागले आणि त्यांच्या पालकांनी मला पुढे आवर्जून धन्यवाद दिले. शिस्त बाहेरून लागते आणि मग आत मुरते, हा माझा बत्तीस वर्षांचा अनुभव आहे. सहानुभूतीच्या नावाखाली आपण वेळापत्रकच सोडून दिले आणि त्याने मुलांचे नुकसान केले.

दुसरा_जिना

सर, तुमच्या हेतूविषयी मला आदर आहे. परंतु आमच्या चाळीत पाणी सकाळी सहा ते साडेसात येते. त्या दीड तासात पिण्याचे भरणे, अंघोळी, धुणे, भांडी हे सारे उरकते आणि ते आई आणि मी करतो. साडेसातच्या तासाला मी कायम ओल्या हाताने आणि पाच-सात मिनिटे उशिरा येत असे. त्या वेळेला मी झोपलेली नसे, मी दोन तास आधीच उठलेली असे. हजेरीत मात्र ते दिसत नव्हते.

निद्रावेध

मी मनोविकारशास्त्रात शिक्षण घेतलेली डॉक्टर आहे आणि २०२०-२१ मध्ये सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात काम करत होते. येथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्या थोड्या सोडवून मांडते.

पहिली गोष्ट झोपेची. टाळेबंदीत विद्यार्थ्यांची झोप बिघडली असे सरसकट म्हणता येत नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात १३९ विद्यार्थ्यांच्या झोपेची महासाथीपूर्वीच्या नोंदींशी तुलना केली गेली, तेव्हा घरी गेल्यावर कामाच्या दिवसांत त्यांची झोप सुमारे अर्ध्या तासाने वाढली होती आणि झोपण्या-उठण्याच्या वेळा अधिक नियमित झाल्या होत्या. फक्त साऱ्या वेळा पुढे सरकल्या होत्या. विशीतल्या माणसाचे शरीरघड्याळ मुळातच उशिराकडे झुकलेले असते. सकाळचा तास त्याला रोज ओढून आधी उठवतो, आणि ती ओढ नाहीशी झाली की ते आपल्या जागी जाते. प्रश्न तेव्हा होतो, जेव्हा सकाळचा उजेड डोळ्यांत जात नाही आणि रात्री पडद्याचा उजेड जात राहतो. मग घड्याळ रोज थोडे थोडे पुढे सरकते आणि धागाकर्तीप्रमाणे पहाटेच्या चारपर्यंत पोहोचते. याला आळस म्हणणे वैद्यकीयदृष्ट्या चूक आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या मनगटावर महासाथीच्या आधीपासूनच पावले मोजणारे पट्टे होते, त्यामुळे त्यांची तुलना आठवणींवर अवलंबून राहिली नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रोजची सरासरी पावले १०,००० वरून ४,६०० वर आली होती. पडद्यासमोरचा वेळ दुपटीहून वाढून पाच तासांवर गेला होता, आणि इतरांबरोबर घालवलेला वेळ निम्म्याहून खाली, म्हणजे अर्ध्या तासापेक्षाही कमी झाला होता. मार्च ते जुलै २०२० या काळात नैराश्याचा धोका असलेल्यांचे प्रमाण ४६ ते ६१ टक्के होते. ज्यांचे चालणे सर्वाधिक कमी झाले, त्यांच्यात नैराश्याचा धोका अधिक आढळला. तेव्हा संशोधकांनी काही विद्यार्थ्यांना आर्थिक प्रोत्साहन देऊन पुन्हा चालायला लावले. ते चालू लागले, पण त्यांच्या मनःस्थितीत म्हणण्यासारखी सुधारणा झाली नाही.

या निष्कर्षाशी मी बराच काळ झगडले, कारण आम्ही रुग्णांना ‘रोज चाला’ असे सांगत होतो. व्यायामाचे फायदे खरेच आहेत, त्याबद्दल शंका नको. परंतु महासाथीपूर्वीची ती १०,००० पावले वर्गाकडे, मित्राकडे, कॅन्टीनकडे, कुठेतरी जाणारी होती. खोलीभोवती मोजून टाकलेली पावले कुठेच जात नव्हती. ‘किनारा’ यांचा शारीरिक दिनक्रम सुधारूनही काळजी हटली नाही, याचे मला म्हणूनच आश्चर्य वाटत नाही.

एक निरीक्षण माझ्या बाह्यरुग्ण विभागातले. विद्यार्थी ‘मला ताण आहे’ असे म्हणत आले नाहीत. ते छातीत धडधडते, पोट बिघडलेले राहते, डोके जड होते, घसा दाटतो असे सांगत आले, आणि त्यांतल्या बहुतेकांना हा करोनाच आहे अशी भीती होती. तपासणीत काही निघाले नाही की घरचे म्हणत, ‘काही झालेले नाही, उगाच घाबरतो.’ काही झालेले नव्हते असे नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले की महासाथीच्या पहिल्याच वर्षात चिंता आणि नैराश्य यांचे प्रमाण जगभर सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, आणि तरुण व स्त्रिया यांना त्याची झळ अधिक बसली. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने विद्यार्थ्यांसाठी ‘मनोदर्पण’ हा उपक्रम आणि त्याची दूरध्वनी सेवा सुरू केली होती. आता ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे आणि तो मराठीतही बोलतो.

दुसरा_जिना

डॉक्टर, क्रमांक माझ्याकडे होता. तो लावायचा कुठून, हा प्रश्न होता. पाच माणसांच्या खोलीत ‘मला जगावेसे वाटत नाही’ हे वाक्य कोणत्या आवाजात म्हणायचे? आमच्या चाळीला मागच्या अंगाला एक पडका जिना आहे, तो कोणी वापरत नाही. ऑगस्टमध्ये मी तिथे बसून पहिल्यांदा फोन केला. माझे येथील नाव त्यावरून आहे.

निद्रावेध

तुम्ही फोन केलात आणि आज येथे लिहीत आहात, याचा मला फार आनंद आहे. तुमचा प्रश्न मी माझ्या विभागातल्या सहकाऱ्यांपुढे नक्की ठेवीन. समोरच्याला बोलता येत नसेल तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर संभाषण कसे न्यायचे, हे आम्ही शिकवले पाहिजे.

उलटगणती

मी तिसऱ्या वर्षाला असतानाच राज्यसेवेची तयारी करत होतो. ५ एप्रिल २०२० ला ठरलेली पूर्वपरीक्षा पुन्हा पुन्हा पुढे जात शेवटी २१ मार्च २०२१ ला झाली. आमच्या अभ्यासाची पद्धत परीक्षेच्या तारखेपासून मागे मोजत येण्याची असते: शेवटचे पंधरा दिवस उजळणी, त्याआधी सराव प्रश्नपत्रिका, त्याआधी वाचन. तारीख हलली की सगळी मोजणी हलते. पहिल्या दोन वेळा मी नवे वेळापत्रक लिहून भिंतीवर लावले. चौथ्या वेळी लिहिले नाही. भिंतीवर कागद नसल्याबरोबर माझे सकाळचे धावणे थांबले, दाढी करणे थांबले, नाश्ता थांबला. धावण्याचा आणि परीक्षेच्या तारखेचा काही संबंध आहे, हे मला तोपर्यंत माहीत नव्हते. टपऱ्या बंद असल्याने सिगारेट मात्र सुटली होती, ती पुण्याच्या नव्या पेठेत परत आल्यावर आठवडाभरात पुन्हा सुरू झाली. ती सुटणेही माझ्या निश्चयाने नव्हते, हे मान्य करतो.

परगावी

मी अमेरिकेच्या मध्य भागातल्या एका छोट्या विद्यापीठनगरात होते. मार्चमध्ये भारताची आंतरराष्ट्रीय विमाने बंद झाली आणि वसतिगृहात आम्ही मोजके परदेशी विद्यार्थी उरलो. ६ जुलैला नियम जाहीर झाला की ज्यांचे सारे तास ऑनलाइन असतील त्यांनी देश सोडावा; हार्वर्ड आणि एमआयटी या संस्था न्यायालयात गेल्या आणि १४ जुलैला तो मागे घेतला गेला. ते आठ दिवस मी बॅग भरून दारात ठेवली होती आणि पोळी लाटायचेही सुचत नव्हते, दुधात भिजवलेल्या सुक्या नाश्त्यावर होते. मला सावरले ते एका ठरलेल्या गोष्टीने. सांगलीला आई रात्रीच्या जेवणाला बसे, तेव्हा माझी सकाळ असे. ती फोन भिंतीला टेकवून ठेवी आणि आम्ही एकाच वेळी जेवत असू, फारसे न बोलता. तेवढ्यासाठी मला साडेनऊला उठून काहीतरी शिजवावेच लागे. डॉक्टर म्हणतात त्याप्रमाणे कोणीतरी वाट पाहत असणे हेच त्यातले औषध असावे.

पांढरा_अंगरखा

मी तेव्हा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्याकडे उलट चित्र होते, मोकळा वेळच नव्हता. संरक्षक पोशाख घातला की सहा तास पाणी नाही आणि लघवीलाही जाता येत नाही, म्हणून कामाच्या पाळीच्या दोन तास आधीपासून आम्ही पाणी बंद करत होतो. ती सवय अजून पूर्ण गेलेली नाही. सोबतीच्या बाबतीत मात्र आम्ही भाग्यवान होतो, कारण जे पाहिले ते पाहणारे शेजारच्या खाटेवरच झोपलेले असत.

माळरान

सर्वांचे आभार. वाचता वाचता माझे मूळ म्हणणे मला थोडे बदलावे लागत आहे. मी जागेला फार महत्त्व दिले होते. ‘किनारा’ यांची टेकडी, मागचा जिना आणि सांगलीचे जेवण वाचून वाटते की जागेहून कोणाशी तरी ठरलेली वेळ ही गोष्ट मोठी होती. मेस मला वेळेवर जेवू घालत नव्हती, दारावर थाप मारणारी मैत्रीण घालत होती. ती त्या काळात जालन्याला होती आणि आमचे बोलणे महिन्यातून एकदा होई, तेही परीक्षेविषयी.

प्राध्यापक सरांचे वेळापत्रकाविषयीचे म्हणणे म्हणून मी पूर्ण फेटाळत नाही. आता शिकवताना माझ्यासमोर जी मुले आहेत, ती तेव्हा शाळेत होती, आणि त्यांच्यातली कितीतरी आजही दुपारचे जेवण एकटीच मोबाइलसमोर जेवतात. आम्ही यंदा पहिल्या वर्षाच्या वर्गाला सुरुवातीच्या आठवड्यातच दोन साधे प्रश्न लिहून विचारले: सकाळी तुमच्या घरी काय काम असते, आणि दुपारी तुम्ही कोणाबरोबर जेवता. त्यावरून सकाळचा एक तास पाऊण तासाने पुढे नेला आणि दुपारची सुट्टी वीस मिनिटांवरून चाळीस केली. दुसऱ्या प्रश्नाला एकोणसाठपैकी बावीस जणांनी ‘कोणाबरोबर नाही’ असे लिहिले होते. त्याचे काय करायचे हे अजून ठरत नाही. सध्या मी माझा डबा शिक्षकांच्या खोलीऐवजी बाहेरच्या पारावर खाते.

निवृत्त_प्राध्यापक

‘दुसरा जिना’ यांचा प्रतिसाद वाचल्यावर मी माझी त्या वर्षाची हजेरीवही काढून पाहिली. साडेसातच्या तासाला सातत्याने पाच ते दहा मिनिटे उशिरा आलेल्यांची मी वेगळी खूण करत असे. अशा अकरा जणांपैकी नऊ मुली आहेत. हे तेव्हाही माझ्यासमोर होते आणि मी त्यांना एकदाही विचारले नाही की उशीर का होतो. त्यांतल्या सात जणींचे हजेरीचे गुण मी कापले होते.

वेळ ठरलेली असावी हे माझे मत कायम आहे. ती मुलांना विचारून ठरवायला हवी होती, हे मला आज मान्य आहे. त्या मुलींपैकी चौघींचे क्रमांक माझ्याकडे अजून आहेत. मी त्यांना फोन करणार आहे.